तनीला उठणारी माणसं

पोन्नी मृदंग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा पंचापकेशन सर एका माणसाचे तांदूळ धूत होते. एका माणसाचे तांदूळ हे मोठं अवघड गणित आहे. मूठभर घेतले तर पोट भरत नाही, आणि वाटीभर घेतले तर तोच भात संध्याकाळी ताकात कालवून पुन्हा स्वतःच स्वतःला वाढून घ्यावा लागतो. सहा वर्षं झाली होती, पण सरांना अजून माप सापडलेलं नव्हतं.

"सर, हा ठेवून घ्या," पोन्नी म्हणाली आणि तिने मृदंग सोप्यातल्या बाकावर ठेवला.

"का, कुठे उतरलाय का?" सरांनी ओले हात धोतराला पुसत विचारलं.

"मृदंगाला काही झालेलं नाही. मलाच झालंय. मी नाही वाजवत आता."

पोन्नी सतरा वर्षांची होती. तिच्या वडिलांचा कावेरीपलीकडे पानमळा होता, आणि त्या घरात तिच्याआधी कुणी गाण्याबजावण्याच्या वाटेला गेलेलं नव्हतं. सात वर्षं ती रोज पहाटे पूल ओलांडून सरांकडे शिकायला येत होती. असा हात सरांनी आपल्या उभ्या आयुष्यात दुसरा शिकवला नव्हता, आणि हे त्यांनी तिला एकदाही सांगितलेलं नव्हतं, कारण शिष्याला असं सांगायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

"मागच्या कार्यक्रमाला तुम्हाला सोडून बेचाळीस माणसं होती," पोन्नी म्हणाली. "माझी तनी सुरू झाली आणि एकेचाळीस उठली. राहिले कोण, तर नाणू मामा."

"मग? एक तरी राहिला ना. चांगली मान डोलवत होते ते, मी पाहिलं."

"झोपेत डोलवत होते, सर. टाळ्यांनी जागे झाले आणि मला म्हणाले, छान गायलीस हो पोरी."

हे दुखणं सरांना नवीन नव्हतं. त्या भागातल्या कुठल्याही मैफलीत एक वेळ अशी येते की मोठा राग गाऊन झालेला असतो, गायक थांबतो, व्हायोलिनवाला गज खाली ठेवतो आणि मृदंग एकटाच वाजू लागतो. त्याला तनी म्हणतात. तनी म्हणजे एकटं. नाव ज्याने ठेवलं त्याला पुढचं सगळं आधीच दिसलं असावं, कारण नेमका त्याच क्षणी अख्खा हॉल उठतो आणि कॉफी प्यायला जातो. यात कुणाचा राग नसतो की कुणाचा अपमान करायचा नसतो. पाय मोकळे करायची, घरी फोन करायची, गरम बोंडा खायची हीच वेळ, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. तनी संपली की माणसं तोंड पुसत परत येतात आणि पुढच्या गाण्याला माना डोलवू लागतात.

पंचू सरांनी अशी बत्तीस वर्षं काढली. त्यामुळे गावातली माणसं ते पाठीवरून ओळखत. पोस्टमास्तरांची पाठ डावीकडे कललेली, भांडीवाल्या चेट्टियारांची पाठ सदऱ्यात न मावणारी. बाजारात कुणी समोरून आलं की सरांना नाव आठवायला वेळ लागे, आणि तो नमस्कार करून पुढे गेला की लगेच आठवे. लग्न झालं त्या वर्षी त्यांची पत्नी प्रत्येक मैफलीला यायची आणि पहिल्या रांगेत बसायची. तिसऱ्या महिन्यात एका तनीला तीही उठली. घरी आल्यावर म्हणाली की दूध झाकायचं राहिलं होतं, ते शेजारणीला फोन करून सांगितलं. त्यानंतर दर तनीला दूध झाकायचं राहू लागलं. सरांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आता ती नव्हती, आणि आपली तनी चालू असताना ती उठून गेली तरी चालेल, पण पहिल्या रांगेत येऊन बसावी, असं सरांना फार वेळा वाटायचं.

बोटं आखडायला लागली तेव्हा त्यांनी वाजवणं सोडलं आणि 'बाल लय सभा' काढली. मृदंग, घटम, खंजिरी वाजवणाऱ्या मुलांना महिन्यातून एकदा खरा रंगमंच, खरा माईक आणि खरे श्रोते मिळावेत हा सभेचा उद्देश. पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या होत्या.

"रविवारचा एवढा एक कार्यक्रम कर," सर शेवटी म्हणाले. "पत्रिकेत तुझं नाव छापून झालंय."

पोन्नीने एक बोट वर केलं. "एकच. या खेपेला लोक बसले तर वाजवत राहीन. उठले तर सोमवारी मृदंग इथे आणून ठेवीन, आणि मग मला समजवायचं नाही, सर."

सरांनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी तांदूळ पुन्हा धुतले. किती वेळा धुतले होते हे ते विसरले होते.

दुपारी ते कोमळवल्ली मामींकडे गेले. मामी शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई. सभेच्या चिटणीस त्याच, माईकवर बोलणाऱ्या त्याच आणि हार ओवणाऱ्याही त्याच. मामी खुशीत होत्या. रविवारी गाणारा मुलगा मन्नारगुडीचा, आणि त्याचे सगळे नातेवाईक स्वतंत्र बस करून येणार होते. सरांची सोडून बाकीच्या चौऱ्याऐंशी खुर्च्या भरणार. हे ऐकून सर मात्र खूश झाले नाहीत, कारण बसणारे चौऱ्याऐंशी म्हणजे उठणारेही चौऱ्याऐंशी.

"मामी, तनीला कृपया उठू नका असं माईकवरून सांगितलं तर?"

"मागे सांगितलं होतं, आठवत नाही?" मामी म्हणाल्या. "तनी कधी असते हे ज्यांना कळत नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं. दोघं तर नंतर येऊन माझे आभार मानून गेले."

मग सरांनी दुसरी गोष्ट काढली. रंगमंचाच्या बाजूला एक छोटं दार होतं. मागच्या खेपेला व्हायोलिनवाल्या मुलाचे काका त्या दारातून निसटले होते आणि त्यांच्या मागून अर्धी रांग. ते दार मामींनी आतून कडी घालून बंद ठेवावं आणि स्वतः तिथे खुर्ची टाकून बसावं.

"आणि कुणीही म्हटलं तरी उघडायचं नाही," सर म्हणाले.

"तुम्ही म्हटलं तरी?"

"मी म्हटलं तरी."

मामींनी ते मनावर घेतलं. एकोणतीस वर्षं त्यांनी वार्षिक परीक्षेत मुलींवर लक्ष ठेवलं होतं, आणि त्या काळात कुणाला पाणी प्यायलासुद्धा बाहेर सोडलं नव्हतं.

आता राहिलं मागचं मोठं दार आणि त्याच्याबाहेरच्या व्हरांड्यातलं कॅन्टीन. कॅन्टीन पट्टाभीचं. वीस वर्षं तो त्या शाळेच्या हॉलमधल्या लग्नांना, सभांना आणि मैफलींना कॉफी-बोंडा पुरवत होता. सरांनी त्याला गाठलं आणि सांगितलं की रविवारी तनी संपेपर्यंत चूल पेटवायची नाही. बोंडाच नसला तर माणसं उठून जातील कुठे?

"तनी म्हणजे ते मधलं मध्यंतर ना, अण्णा?" पट्टाभीने विचारलं.

"मध्यंतर नाही ते. मृदंग वाजत असतो."

"मध्यंतरात वाजवतात होय? मला वाटायचं, कुणी तरी आवाज लावून बघतंय."

पट्टाभीचं तरी काय चुकलं होतं? वीस वर्षांत ज्या ज्या वेळी तनी वाजली, त्या त्या वेळी त्याच्यासमोर पन्नास हात पसरलेले होते. मृदंग ऐकायला त्याला सवड कधी मिळालीच नव्हती. शेवटी त्याने कबूल केलं. टाळ्या ऐकू आल्याशिवाय कढईखाली जाळ नाही, असा त्याने शब्द दिला.

रविवारी पाच वाजता हॉल गच्च भरला. मन्नारगुडीची मंडळी रेशमी काठ सावरत बसली. नाणू मामा नेहमीप्रमाणे मागच्या दाराजवळची खुर्ची धरून होते, कारण तिथून उठायलाही सोपं आणि झोपायलाही. मामींनी बाजूच्या दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून त्या बसल्या. पोन्नी हिरवी दावणी, म्हणजे तिकडची अर्धी साडी, नेसून रंगमंचावर आली. मृदंगाच्या डाव्या तोंडावर रव्याचा ओला गोळा थापताना तिने एकदा समोर पाहिलं. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर सर होते. ती हसली नाही. तिने मनातल्या मनात माणसं मोजली, हे सरांना तिच्या ओठांवरून कळलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. गाणाऱ्या मुलाने कांभोजी राग धरला आणि तो छान रंगत गेला. राग झाला, गीत झालं, आता स्वर चालले होते, आणि ते संपले की तनी. सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या नाकाला काही तरी लागलं.

तो बोंड्याचा वास होता. मिरी, आलं, खोबरं आणि उकळत्या तेलाचा, ओळखीचा, प्रेमळ वास. तो रांगांमधून सावकाश पुढे येत होता. मन्नारगुडीच्या एका काकांनी डोळे मिटूनच मान वर केली. त्यांच्या मागच्या बाईंनी पायांनी खुर्चीखालच्या चपला चाचपल्या.

सर उठले. पोन्नीची तनी सुरू व्हायला अजून तीन-चार मिनिटं होती, तेवढ्यात जाऊन येता येईल असा त्यांचा हिशेब होता. ते भिंतीच्या कडेकडेने मागच्या दारातून बाहेर आले. पट्टाभी कढईसमोर उभा होता आणि पहिला घाणा काढून दुसरा सोडत होता.

"अरे, शब्द दिला होतास ना मला?"

पट्टाभीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो ओशाळला. "अण्णा, देवाशपथ, मी ठरवून काही केलं नाही. कांभोजी कानावर आली की माझा हात आपोआप पिठात जातो. तोडी असली की भजी, कांभोजी असली की बोंडा. वीस वर्षं झाली. जाळ कधी लावला तेही आठवत नाही."

सर त्याच्यावर रागावणार होते. पण आतलं गाणं अचानक थांबलं. मुलाने स्वर आवरते घेतले होते. दमला असावा, किंवा त्यालाही वास आला असावा. क्षणभर शांतता झाली, आणि मग मृदंगाचा एकट्याचा पहिला बोल आला.

सरांनी दारातून आत पाहिलं. चौऱ्याऐंशी माणसं उठत होती. बत्तीस वर्षं रंगमंचावरून त्यांनी या माणसांच्या पाठी पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांना तोंडं दिसली. कुणाच्याही तोंडावर दुष्टावा नव्हता. नुसती भूक होती, आणि ती सगळी एकत्र त्यांच्या दिशेने येत होती. तिच्या मागे, माणसांच्या डोक्यांवरून, हिरव्या दावणीचा एक तुकडा दिसत होता.

पुढे काय केलं हे सरांना नंतर नीटसं सांगता आलं नसतं. त्यांनी दाराची दोन्ही कवाडं ओढली आणि बाहेरून कडी घातली.

"अण्णा," पट्टाभी म्हणाला, "तुम्ही लोकांना कोंडलंत."

"दोनच मिनिटं," सर म्हणाले आणि धोतर सावरत व्हरांड्याला वळसा घालून बाजूच्या दाराकडे पळाले. तिथून आत जायचं आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने खुर्चीवर बसायचं, असा विचार होता. त्यांनी दार ढकललं. दार हललं नाही. मग त्यांना आठवलं.

"मामी," त्यांनी फटीशी तोंड नेऊन हळूच हाक मारली. "मी आहे, पंचू. दार उघडा."

आतून मामींचा तितकाच हळू आवाज आला. "कुणीही म्हटलं तरी उघडायचं नाही असं ठरलंय."

"अहो, पण मला आत यायचंय."

"परीक्षा घेताय माझी. समजतं मला. जा."

सरांनी पुन्हा दोनदा हाक मारली. कडी हलली नाही. सर हात हलवत मोठ्या दाराशी परत आले. आता पंचाईत अशी होती की कडी काढल्याशिवाय त्यांना आत जाता येत नव्हतं, आणि कडी काढली की चौऱ्याऐंशी माणसं बाहेर येणार होती.

दार आतून कुणी तरी ढकललं. पुन्हा ढकललं. मग कुजबुज झाली. सरांनी कडी घट्ट धरली, कारण आता दार ठोठावतील, आरडाओरडा होईल आणि सगळ्याचा बट्ट्याबोळ होईल. पण कुणीही ठोठावलं नाही. त्या भागातली माणसं तनी चालू असताना उठून बोंडा खायला खुशाल जातील, पण तनी चालू असताना दार ठोठावणार नाहीत. ठोठावलं आणि तालाबाहेर पडलं तर? चार माणसांत तालाचं ज्ञान उघडं पडण्यापेक्षा उपाशी राहिलेलं त्यांना परवडतं.

दाराच्या फटीतून नाणू मामांचा आवाज आला. "कोण आहे रे बाहेर?"

सरांनी पट्टाभीला खुणेने विनवलं. पट्टाभीने कढईकडे पाहिलं, निथळत ठेवलेल्या ऐंशी बोंड्यांकडे पाहिलं, सरांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि उसासा टाकला.

"मामा, मी पट्टाभी. लाकूड फुगून दार अडकलंय. सुताराला बोलावलंय. बसा तोवर."

"कॉफी आहे ना पण?"

"आहे. झाकून ठेवलीय."

"झाक, झाक," मामा म्हणाले, आणि चपलांचा आवाज मागे गेला.

सरांनी फटीला डोळा लावला. फट बोटभर रुंद होती. तिच्यातून पोन्नीचा अर्धा चेहरा, एक खांदा आणि उजवा हात तेवढा दिसत होता. ती खाली मान घालून वाजवत होती. लोक उठलेले तिने पाहिले असणार, कारण हात घाबरल्यासारखा, लवकर संपवायच्या घाईने चालला होता. मग नाणू मामा परत जाऊन खुर्चीवर बसले. त्यांच्या मागून मन्नारगुडीचे काका बसले. मागच्यांना पुढच्यांचं काय झालं ते कळलं नाही, पण पुढचे परत येतायत म्हणजे कॉफी झालेली नसणार, एवढं त्यांनी ताडलं आणि तेही फिरले. एकामागून एक, सगळ्या रांगा भरत गेल्या.

पोन्नीने मान वर केली. दारापर्यंत गेलेली माणसं परत येत होती. असं तिने कधी पाहिलं नव्हतं. सरांनीही नव्हतं, खरं तर कुणीच नव्हतं. तिचा हात क्षणभर थबकला, आणि मग जो मोकळा झाला, तो सात वर्षांत सरांच्या सोप्यातही कधी इतका मोकळा झाला नव्हता. घाई गेली. एक बोल तिने नुसता सोडून दिला, त्याच्यामागे मुद्दाम जागा ठेवली, आणि त्या जागेत अख्खा हॉल गप्प बसून राहिला.

ठरलेली तनी बारा मिनिटांची होती. वीस मिनिटं झाली तरी पोन्नी थांबेना. माणसांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून ती ऐकू लागली, आणि ऐकू लागल्यावर त्यांचे हात मांडीवर ताल धरू लागले. आठ मात्रांच्या आदि तालात चौऱ्याऐंशी तळवे एकदम खाली येत. सरांनी दाराला हात टेकला होता, त्या हाताला ते समजत होतं.

"हे असं असतं होय?" पट्टाभी शेजारी येऊन उभा राहिला होता. झारा त्याच्या हातातच होता आणि त्यातून तेल टपकत होतं. "अण्णा, हे तुम्ही पण वाजवायचात?"

"वाजवायचो."

"आणि मी बोंडे विकायचो," पट्टाभी म्हणाला. थोडा वेळ ऐकून तो पुन्हा म्हणाला, "सांगायचं तरी एकदा."

सरांना फार आनंद झाला होता, आणि त्याच वेळी फार एकटं वाटत होतं. ज्यासाठी त्यांनी जन्म काढला ते दाराच्या पलीकडे चाललं होतं. तिथे सगळे होते. झोपाळू नाणू मामासुद्धा होते. व्हरांड्यात गार होत चाललेल्या बोंड्यांजवळ ते तेवढे उभे होते, आणि त्यांना जिला खूण करून म्हणावंसं वाटत होतं, ऐकलंस का, ती सहा वर्षांपूर्वीच गेली होती.

शेवटची कोरवै, म्हणजे समेवर नेणारी समारोपाची रचना, पोन्नीने तीनदा वाजवली. तिसऱ्यांदा ती समेवर आली आणि हॉल फुटला. एवढ्या टाळ्या त्या शाळेत बक्षीस समारंभालाही झाल्या नव्हत्या. टाळ्यांच्या आवाजात सरांनी कडी हळूच काढली आणि दोन ढांगांत ते कॅन्टीनच्या ओट्यापाशी पोचले. पट्टाभीने प्रसंग ओळखून त्यांच्या हातात कॉफीचा पेला कोंबला.

मामी व्यवहारी बाई. लोक दाराकडे बघतायत असं दिसताच त्यांनी माईकवरून दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली. नाणू मामांनी दाराला बोट लावलं आणि ते आपोआप उघडलं. लाकडाचं असंच असतं, ते म्हणाले, मनात आलं की फुगतं, मनात आलं की सुकतं. गार बोंड्यांबद्दल कुणी तक्रार केली नाही. सगळे पोन्नीबद्दल बोलत होते. मन्नारगुडीचे काका तर पुन्हा पुन्हा सांगत होते की अशी तनी आपण आयुष्यात ऐकली नाही, आणि ते अगदी खरं होतं. त्यांनी कुठलीच ऐकली नव्हती.

गर्दीतून वाट काढत पोन्नी बाहेर आली. बायका तिचा हात धरून थांबवत होत्या, नाणू मामांनी तिला छान वाजवलंस म्हणून सांगितलं. तिच्या डाव्या तळव्याला रवा वाळून चिकटला होता आणि चेहरा तापलेला होता. सरांसमोर आल्यावर मात्र ती थांबली.

"सर, सगळे बसले," ती म्हणाली. "आधी उठले होते. पण दारापर्यंत गेले आणि माझं ऐकून परत फिरले. मी पाहिलं, सर. एकूण एक परत आले."

"हो का," सर म्हणाले.

"एक खुर्ची तेवढी रिकामी होती. पहिल्या रांगेतली. कडेची."

सरांकडे उत्तर तयार होतं. मी दाराला कडी घातली होती, एवढं एक वाक्य, की ते सुटले असते. पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडताच तिच्या डोक्यातली चौऱ्याऐंशी माणसं पुन्हा उठली असती आणि परत कधीच बसली नसती. त्यांनी पट्टाभीकडे पाहिलं. पट्टाभी कढईत बघत होता.

"मी कॉफी प्यायला आलो होतो," सर म्हणाले.

"तनीला?"

"काय करणार? बत्तीस वर्षं मी वर बसायचो. खाली बसून तनी ऐकायची सवयच नाही मला. सुरू झाली की उठावंसं वाटतं."

"दोन घेतल्या त्यांनी," पट्टाभी त्यांच्या मदतीला धावून आला.

पोन्नीचे डोळे भरून आले. सरांना ते बघवलं नाही. त्यांनी पेल्यात पाहिलं. सात वर्षं पहाटे पूल ओलांडून जिच्यासाठी ही पोर आली ती तनी, आणि शिकवणारा माणूस बाहेर उभा राहून कॉफी पितो. तिने पदराने तोंड पुसलं. पण तिने आज चौऱ्याऐंशी माणसं दारातून परत फिरवली होती, त्यामुळे रडणं तिला फार वेळ जमलं नाही. तिची हनुवटी वर आली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी परत वाजवणार. मामींना सांगून तुमची खुर्ची माझ्या अगदी समोर मांडून घेते. तुम्हाला उठू देणार नाही. शेवटपर्यंत बसवून ठेवीन, सर, बघाच तुम्ही."

सरांना कुणी बसा म्हणून इतकं हट्टाने सांगितल्याला किती वर्षं झाली होती, ते त्यांचं त्यांनाही आठवेना. त्यांनी कॉफीचा घोट घेतला. ती केव्हाच गार झाली होती.

"बघू," ते म्हणाले. "पट्टाभी त्या दिवशी काय तळतो, त्यावर आहे."